झीज आणि गंज

जुनं पिस्तूल हातात आलं की जाणकार माणूस आधी काय बघतो, सांगा पाहू? नळी? घोडा? दस्त्यावरची नक्षी? नाही. तो आधी स्क्रूची डोकी बघतो. खाचा सरळ आणि धारदार असतील तर हत्यार फारसं कुणी उघडलेलं नाही. खाचा फाकलेल्या, ओरबाडलेल्या असतील तर कुणीतरी भलत्याच मापाचा पेचकस घालून आत उचापती केल्यात. मग बाकीचं कितीही चकचकीत असलं तरी गडी सावध होतो.

तुम्ही म्हणाल, याला आता हे काय नवीन खूळ! खूळ नवीन नाही हो. इतिहासाची आवड जुनीच, फक्त कागद वाचता वाचता लोखंड वाचायचा नाद लागला इतकंच. आणि आमच्या सोलापुराकडे हा नाद उपयोगी पडतो. इथल्या जुन्या घरांतल्या हत्यारांबद्दल गोष्टी भरपूर असतात, कागद मात्र जवळजवळ नसतोच. पणजोबांनी अमक्या लढाईत हे चालवलं, तमक्या साहेबावर रोखलं वगैरे. खरं खोटं करायला उरतं ते फक्त हत्यार. ते बोलतं, पण त्याची भाषा यायला हवी.

ती भाषा तशी अवघड नाही. मुळात दोनच गोष्टी बघायच्या, झीज आणि गंज. लोक या दोन्हींना मिळून 'जुनं झालंय' म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. झीज होते ती वापरल्यामुळे. गंज चढतो तो न वापरता, न पुसता पडून राहिल्यामुळे.

झीज ठरावीक जागी होते. पिस्तूल चामड्याच्या म्यानात रोज घालायचं-काढायचं असेल तर नळीच्या तोंडाच्या कडा आणि बाजूंच्या उंचवट्यांवरची काळी-निळी झिलई उडते आणि खालचं पांढुरकं लोखंड दिसू लागतं. दस्त्यावरच्या चौकड्या तळहाताने गुळगुळीत होतात. रिव्हॉल्व्हर असेल तर गोळ्यांचा सिलिंडर हलवून बघतात, घोडा चढवलेला असतानाही तो डुगडुगत असेल तर पुष्कळ चाललेलं आहे. आणि कधीकधी बाहेरून कडा पार उडालेल्या, पण आत नळीतले आटे मात्र नव्यासारखे! अशा पिस्तुलाचा अर्थ जाणकार लगेच सांगतात: कमरेला खूप हिंडलं, उडालं कमी. पोलीस आणि फौजेतल्या अधिकाऱ्यांची पिस्तुलं बहुतेक अशीच असतात.

गंजाचेही प्रकार आहेत. बोट फिरवलं की नारिंगी पूड हाताला लागते तो जिवंत गंज, तो अजून खातोय. गडद तपकिरी, घट्ट, बोटाला न लागणारा तो जुना आणि बराचसा थांबलेला. तिसरा प्रकार म्हणजे खड्डे. तिथलं लोखंड गेलं ते गेलं, कितीही घासा, परत येत नाही. गंमत अशी की पिस्तुलावरची ती सुंदर काळी झिलई हीसुद्धा जातीने गंजच असते. जुने कारागीर नळीवर मुद्दाम पातळ गंज चढवायचे, ती उकळत्या पाण्यात धरायचे, वरची भुकटी ब्रशने झाडायचे आणि पुन्हा गंज चढवायचे. असं पाच-सात वेळा केलं की तांबड्या गंजाचा काळा थर होतो आणि तोच पुढे लोखंडाला राखतो.

नळीच्या आतला गंज आणखी वेगळी हकिकत सांगतो. दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या बहुतेक काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचं क्षार होऊन नळीत बसतं. मिठासारखंच ते, हवेतली ओल ओढून घेतं. नुसतं तेल लावून ते विरघळत नाही, पाणीच लागतं. म्हणून गोऱ्या पलटणीतले शिपाई गोळीबारानंतर बंदुकीच्या नळीत नरसाळ्याने उकळतं पाणी ओतायचे. ज्याला हे ठाऊक नव्हतं, किंवा ज्याला पाणी उकळत बसण्याइतकी उसंत आणि निर्धास्तपणा नव्हता, त्याच्या हत्यारात खड्डे पडले. नळीत डोकावलं की मालक कसल्या परिस्थितीत जगत होता हे थोडंफार कळतं ते असं.

हे आपल्या लोकांना ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. १७१५च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात गडकोटांच्या प्रकरणात पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावं, त्यांचे काने मेणाने बुजवावेत, वर आडोसा करावा, दारू वेळोवेळी बाहेर काढून उन्हं दाखवावीत, अशा बारीक सूचना आहेत. कोकणात आणि घाटमाथ्यावर हे केलं नाही तर एका पावसाळ्यात हत्यार जायचं. आमच्याकडे वर्षाला पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. लोखंडाला सोलापूर मानवतं. म्हणून इकडच्या एखाद्या हत्यारावर खोल खड्डे दिसले तर नुसत्या हवेला दोष देता येत नाही. ते कुठेतरी ओलीत पडून होतं. आता घरात असताना हत्यार ओलीत का पडेल?

इथे कागदावरचा इतिहास कामाला येतो.

फेब्रुवारी १८१८ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या आष्टीला बापू गोखले पडले. मे महिन्यात जनरल मन्रो सोलापूरच्या भुईकोटापुढे आला. पेशव्यांच्या तोफखान्याचे गणपतराव पानसे इथे लढले, आणि काही दिवसांत किल्ला गेला. पण तेव्हा लोकांच्या घरातली हत्यारं सरसकट काढून घेतली गेली नव्हती. तो प्रकार सुरू झाला १८५७ मध्ये. त्या वर्षीच्या निःशस्त्रीकरणाच्या हुकुमावरून मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी हत्यारं द्यायला नकार दिला, तेव्हा फौज घालून गावच जाळलं. ही बातमी आसपासच्या गावांना कशी लागली असेल याची कल्पना करा. पुढे १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरलं, आणि त्याच कायद्याच्या नियमांत युरोपियनांना सूट होती! गांधीजींसारख्या अहिंसेच्या माणसानेही या कायद्याला इंग्रजी राजवटीच्या काळ्या कृत्यांत सगळ्यात काळं म्हटलं होतं, हे लोक विसरतात.

कायदा आला म्हणून हत्यारं नाहीशी झाली नाहीत. काही जमा झाली, काही परवान्यावर राहिली आणि उरलेली लपली. विहिरीच्या कोनाड्यात, गव्हाणीखाली, कडब्याच्या गंजीत, पेवात, भिंतीत. सोलापूर जिल्ह्याला तर आणखी एक सोय होती. आजूबाजूला सगळी संस्थानं. पूर्वेला आणि उत्तरेला निजाम, दक्षिणेला अक्कलकोट, मध्येमध्ये पटवर्धनांची गावं. इंग्रजी मुलखातला कायदा तिथे जसाच्या तसा लागू नव्हता. नळदुर्ग पन्नास किलोमीटरच्या आत, अक्कलकोट त्याहून जवळ. एका रात्रीच्या बैलगाडीच्या प्रवासात हत्यार एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात जायचं.

अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रसंग्रहालय ज्यांनी पाहिलंय त्यांनी एक गोष्ट आठवावी. स्वामींच्या दर्शनाला लाखो जातात, तिकडे फार थोडे वळतात, पण जरूर जा. राजवाड्यातलं हत्यार हे उजेडातलं हत्यार. त्याला लपायची पाळी आली नाही. रांगेत टांगलेलं, पुसलेलं. त्यानंतर एखाद्या वाड्याच्या माळ्यावरून निघालेलं पिस्तूल शेजारी ठेवून बघा. वय एकच, पण जन्म वेगळे.

लपलेल्या हत्याराचा आणखी एक तोटा असा, की ते चालवून बघता येत नाही. बार काढला की गाव जागं होतं. म्हणजे विकत घेणाऱ्याने नुसतं बघूनच पारख करायची आणि जीव त्याच्या भरवशावर टाकायचा. १९०९ मध्ये सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीनच्या हाती वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली, त्यातल्या एकाने नाशिकला अनंत कान्हेऱ्यांनी जॅक्सनला मारलं. तसा माल नेहमी थोडाच मिळतो! एरवी कुणाच्या कुणाच्या हातांतून फिरून आलेलं मिळेल ते हत्यार आणि किती वर्षांची ठाऊक नाही अशी काडतुसं.

आता सोलापूरकरांना जवळची गोष्ट. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं. ८ मे रोजी गोळीबार झाला, पोलीस चौकी आणि कोर्ट जळालं, काही दिवस शहरात सरकार उरलं नाही आणि मग १२ मे रोजी लष्करी कायदा लागला. लोकांच्या हातात काय होतं? दगड आणि सिंदीची झाडं तोडायच्या कुऱ्हाडी. गिरणगाव होतं ते, हजारो माणसं रस्त्यावर होती, पण बंदुका एकाच बाजूला होत्या. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे आपले चार हुतात्मे फाशी गेले.

त्याच वर्षी २२ जुलैला पुण्यात फर्ग्युसन कॉलेजच्या वाडिया लायब्ररीत वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने मुंबईचा हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसन याच्यावर अगदी जवळून गोळी झाडली. कारण सांगितलं ते सोलापूरचा लष्करी कायदा. गोळी छातीवर लागली आणि खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर अडली! हॉटसन वाचला. गोगट्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे सुटकेनंतर याच हॉटसनने त्यांना पैशांची मदत पाठवली, ही हकिकतही प्रसिद्ध आहे. हॉटसनने आत चिलखत घातलं होतं अशी आख्यायिका आपल्याकडे सांगतात. बंदुकीचा जाणकार मात्र अशी हकिकत ऐकली की आधी वेगळाच प्रश्न विचारतो: काडतूस किती जुनं होतं? काडतुसातली दारू ओलीने मंदावली की बार होतो, आवाज होतो, गोळीत जोर मात्र राहत नाही. एवढ्याशा गंजाने, एवढ्याशा ओलीने इतिहासाची गाडी या रुळावरून त्या रुळावर जाऊ शकते.

आणखी एक लाट आली ती १९४८ मध्ये. रझाकारांच्या काळात निजामाच्या हद्दीतून माणसं जीव घेऊन सोलापूरकडे आली, सरहद्दीवर स्टेट काँग्रेसचे कँप होते, दोन्ही बाजूंना हत्यारांची ने-आण चालू होती. १३ सप्टेंबरला सोलापूरहूनच फौज निघाली आणि त्याच दिवशी नळदुर्ग घेतला. १७ तारखेला निजाम शरण आला. त्यानंतर पुन्हा तेच, काही हत्यारं जमा झाली, काही पुरली गेली.

हे सगळं आता एका पिस्तुलावर लावून बघू. आमच्या नात्यातल्या एका वाड्यात (वाचणाऱ्या भावंडांना कळेल कुठला) टोपीचं ठासणीचं पिस्तूल आहे. बाजूच्या पट्टीवर पुढच्या पायांत मुकुट धरलेला सिंह आहे, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा माल. घरातली गोष्ट अशी, की खापरपणजोबांनी सत्तावनच्या गर्दीत याने शिपाई लोळवले. लहानपणी आम्ही सगळे ही गोष्ट ऐकत भाकरी खायचो.

मागे ते शांतपणे खिडकीशी बसून पाहिलं. टोपी ज्या निप्पलवर बसते त्याच्याभोवतीची जागा बरीच साफ आहे. पुष्कळ टोप्या उडाल्या असत्या तर तिथलं लोखंड खाल्लं गेलं असतं, ठिणगी आणि क्षार तिथेच पडतात. नळीच्या तोंडाच्या कडा तीक्ष्ण आहेत, म्हणजे म्यानात फार गेलेलं नाही. दस्त्यावरच्या चौकड्या बोटाला टोचतात. झीज म्हणाल तर नाहीच जवळजवळ. गंज मात्र आहे, आणि तो एकाच अंगाला आहे. डावी बाजू खड्ड्याखड्ड्यांची, उजवी बरी. म्हणजे वर्षानुवर्षं ते एकाच कुशीवर, ओलसर जागी पडून होतं. आणि त्या डाव्या बाजूच्या गंजात, भिंगातून पाहिलं तर, कापडाचा ताणाबाणा उमटलाय! जाड्याभरड्या धाग्याचा. लोखंड गंजताना त्याला चिकटलेल्या कापडाचा छाप घेतं, कापड कुजून जातं, छाप राहतो. उत्खननात सापडलेल्या लोखंडी वस्तूंवर असे छाप नेहमी मिळतात. आमच्या पिस्तुलावर कुणाच्या तरी धोतराचा नाहीतर लुगड्याचा तुकडा अजून आहे.

म्हणजे खापरपणजोबांनी शिपाई लोळवले नाहीत. कुणीतरी घाईघाईने हाताला आलेल्या कापडात ते गुंडाळलं आणि पुरलं.

घरात हे सांगितल्यावर थोडी निराशा झाली, साहजिक आहे. 'तू आमच्या पणजोबांना भित्रं ठरवतोस' असंही एक जण म्हणाले. मला ते पटत नाही. हत्यार सापडलं तर काय होतं हे ज्यांनी हलगलीच्या बातमीत ऐकलं होतं, त्यांनी ते जमा न करता ठेवलं. झडती येईल, शेजारी चुगली करील, पोरगं बाहेर बोलून जाईल, या धास्तीत ते कुटुंब किती वर्षं जगलं असेल! लढाई अर्ध्या दिवसाची असते. हे रोजचं होतं. आणि बायकांना ठाऊक असल्याशिवाय घरातलं कापड घेऊन घरात काही पुरता येत नाही, तेव्हा त्या गोष्टीत नसलेल्या खापरपणजीही या गंजात आहेत असं मला वाटतं. आपल्या भागातल्या दहा-वीस घरांतली अशी हत्यारं कुणी नीट पाहिली तर लढल्याच्या खुणांपेक्षा लपवल्याच्या खुणाच जास्त सापडतील असा माझा अंदाज आहे. तोही इतिहासच आहे, आणि तो आपण लिहून ठेवलेला नाही.

म्हणूनच मला पॉलिशची धास्ती वाटते. खंडेनवमी आली की आपण शस्त्रं काढतो, चिंच लावतो, राखेने घासतो, हल्ली तर पॉलिशपेपरनेच घासतात. वर पाण्यात कालवलेलं हळदकुंकू. भाव चांगला आहे, पण चिंचेच्या आंबटाने लोखंड झरतं, कुंकवाच्या ओलीने पुन्हा गंजतं, पुढच्या वर्षी पुन्हा घासतो. अशी शंभर वर्षं पूजा केली की अक्षरं जातात, शिक्के जातात, कडा जातात. मग उरतो एक चकचकीत तुकडा, ज्याला काहीच सांगता येत नाही. बाजारात तर 'टॉवर'चा शिक्का मारून, तेजाबात बुडवून गंजवलेली नवी पिस्तुलं जुनी म्हणून विकतात. ती ओळखायची खूण सोपी आहे, त्यांचा गंज सगळीकडे सारखा असतो. जिथे हात लागायला हवा तिथेही!

बाजाराचं निघालंच आहे म्हणून सांगतो. खाजगी माणसाला परदेशी पिस्तूल आयात करणं १९८०च्या दशकात बंद झालं, त्यामुळे परवानाधारकांमध्ये जुनीच वेब्ली नाहीतर वॉल्थर पिस्तुलं हातोहात फिरत राहिली. घेणारा तीच पारख करतो: स्क्रू, कडा, आटे, खड्डे, सगळ्या भागांवरचे आकडे एकच आहेत का ते. नव्याने काळी झिलई चढवलेलं पिस्तूल त्याला नको असतं, कारण खड्डे घासून घेतल्याशिवाय झिलई नीट बसत नाही आणि घासलं की शिक्क्यांच्या कडा बोथट होतात.

कायद्यानेही गंजाची दखल घेतलीय हे वाचून मला मौज वाटली होती. १९५९चा शस्त्र कायदा १९६२ पासून लागू झाला. त्याच्या ४५व्या कलमात म्हटलंय की कालबाह्य बनावटीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा नादुरुस्त हत्यार, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. म्हणजे गंजाने काम पुरं केलं की सरकारच्या लेखी ते हत्यार राहत नाही. पण पुरं झालंय की नाही हे आपण ठरवायचं नसतं. आमच्या नातेवाइकांनी ते पोलीस ठाण्यात रीतसर दाखवून कागद करून घेतला, तुमच्याकडे काही असेल तर तुम्हीही तेच करा.

आणि ठासणीचं असेल तर त्याआधी कुणी चाप ओढून बघू नका. जुनी ठासणीची हत्यारं कधीकधी भरलेलीच सापडतात! लाकडी काडी नळीत हलकेच घालायची, थांबेल तिथे खूण करायची आणि तीच काडी बाहेरून नळीला लावून बघायची. काडी पार कान्यापर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. हात लावू नका, पोलिसांकडच्या माहीतगार माणसाला बोलवा.

तर भावंडांनो, येत्या खंडेनवमीला एवढं करा. आधी दोन्ही बाजूंनी चांगल्या उजेडात फोटो काढा. कोरड्या सुती कापडाने पुसा, शिवणयंत्राचं तेल दोन थेंब, बस्स. चिंच नको, राख नको. फूल वाहा, कुंकू पाटाला लावा. लेदरच्या म्यानात घालून ठेवू नका, चामडं ओल धरतं. आणि घरात जी गोष्ट सांगतात ती वहीत लिहा, शेजारी हत्यारावर जे दिसतं तेही लिहा. दोन्ही जुळलं नाही तर बिघडत नाही, दोन्ही ठेवा.

असो, लेख बराच लांबला. अक्कलकोटला कुणी येणार असाल तर कळवा, राजवाड्यात बरोबर जाऊ.